यीस्टमधल्या पर्यायी श्वसनमार्गावर प्रकल्प करताय? सुरुवात इथून करा

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला 'यीस्टमधला सायनाइडला न जुमानणारा श्वसनमार्ग' हा विषय मिळाला, त्याच संध्याकाळी मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या किराणा दुकानातून बेकरीच्या यीस्टचं पाकीट आणलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. सात आठवडे मी त्या यीस्टमध्ये एक असं एन्झाइम शोधत होते जे त्याच्याकडे मुळात नसतं. रोज रोधक (श्वसन अडवणारं रसायन) घालायचा, रोज श्वसन बंद पडायचं, आणि रोज वाटायचं की माझाच हात कुठेतरी चुकतोय. बफर बदलला, पीएच बदलला, इलेक्ट्रोडचा पडदा तीनदा बदलला. शेवटी एकदा सुरसागर तलावाच्या कठड्याशी उभं राहून सेव उसळ खाताना मी हे सगळं एका वरिष्ठ ताईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, सॅकरोमायसिसमध्ये एओएक्स नसतंच. तू शोधतेयस कुणाला?" (सॅकरोमायसिस म्हणजे बेकरीचंच यीस्ट, आणि एओएक्स म्हणजे पर्यायी ऑक्सिडेज, मी शोधत होते तेच एन्झाइम.)

त्या सात आठवड्यांसाठी हा लेख लिहिते आहे. वडोदऱ्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांचं शिक्षण असं होतं की घरी मराठी, वर्गात गुजराती आणि इंग्रजी. त्यामुळे विषय डोक्यात तीन तुकड्यांत बसतो आणि मूळ शंका विचारायची राहून जाते. म्हणून इथे पहिल्या पायरीपासून सांगते.

१. आधी एक गैरसमज काढा: हे आंबवणं नाही

'पर्यायी श्वसन' ऐकलं की निम्म्या मुलांना वाटतं, ऑक्सिजन नसताना यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेच हे. तसं नाही. ते किण्वन. पर्यायी श्वसनमार्गाला ऑक्सिजन लागतोच, आणि शेवटी त्याचं पाणीच होतं. फरक आहे तो इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने ऑक्सिजनपर्यंत पोचतात यात.

नेहमीची वाट अशी: अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच हा वाहक रेणू घेऊन येतो, ते कॉम्प्लेक्स १ मध्ये (कॉम्प्लेक्स म्हणजे पडद्यात बसलेला प्रथिनांचा गट) जातात, तिथून युबिक्विनोन, मग कॉम्प्लेक्स ३, सायटोक्रोम सी, कॉम्प्लेक्स ४ आणि शेवटी ऑक्सिजन. १, ३ आणि ४ या तीन ठिकाणी प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याबाहेर ढकलले जातात आणि ते परत आत येताना एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तयार होतो. (कॉम्प्लेक्स २ पण इलेक्ट्रॉन देतं, पण प्रोटॉन ढकलत नाही.) प्रोटॉनचा हा हिशोब पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला आणि १९७८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

पर्यायी वाटेत हे प्रोटॉन ढकलणारे टप्पे टाळले जातात: युबिक्विनोनपाशी वाट फुटते आणि पर्यायी ऑक्सिडेज (एओएक्स) हे एन्झाइम इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देतं. मला ही गोष्ट केवडियाला सरदार सरोवर पाहताना पक्की समजली. नदीपात्रातल्या वीजघरात प्रत्येकी २०० मेगावॅटची सहा यंत्रं आहेत, पाणी त्यांतून उतरलं की वीज होते. आणि बाजूला सांडव्याचे ३० दरवाजे आहेत. दरवाज्यांतून पडणारं पाणीही त्याच नर्मदेत जातं, पण वीज होत नाही. मग दरवाजे ठेवलेत कशाला? धरण तुडुंब भरलं आणि यंत्रांना तेवढं पाणी पेलवेना, तर वाट मोकळी हवी म्हणून. पर्यायी ऑक्सिडेज हा असा सांडवा आहे. ऊर्जा उष्णता होऊन जाते, पण युबिक्विनोनपाशी इलेक्ट्रॉन तुंबत नाहीत, एनएडीएच मोकळं होत राहतं, क्रेब्ज चक्र अडत नाही आणि तुंबलेल्या इलेक्ट्रॉनमुळे होणारे सुपरऑक्साइडसारखे घातक रेणू कमी होतात.

ती उष्णता वाया जाते असंही नेहमी नसतं. सुरणाच्या कुळातल्या काही वनस्पतींचा फुलोरा उमलताना गरम होतो, तो याच जातीच्या एन्झाइममुळे. यीस्टमध्ये मात्र तापमानात असा फरक मोजायला जाऊ नका.

२. तुमच्या यीस्टकडे नेमकं काय आहे ते पाहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे थांबून सांगते. 'यीस्ट' या एका शब्दाखाली खूप वेगवेगळे जीव येतात आणि त्यांच्या श्वसनसाखळ्या एकसारख्या नसतात.

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे बेकरीचं यीस्ट: याच्याकडे पर्यायी ऑक्सिडेज नाही. आणि दुसरा धक्का असा की याच्याकडे कॉम्प्लेक्स १ सुद्धा नाही. जो जीव पाठ्यपुस्तकात सगळ्यात जास्त वापरतात, त्याचीच साखळी पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी नाही. कॉम्प्लेक्स १ च्या जागी याच्याकडे तीन साधी एन्झाइमं आहेत: आतल्या बाजूला एनडीआय-१, बाहेरच्या बाजूला एनडीई-१ आणि एनडीई-२. आतलं मायटोकॉन्ड्रियातलं एनएडीएच वापरतं, बाहेरची दोन पेशीद्रवातलं. कॉम्प्लेक्स १ चाळीसहून अधिक प्रथिनांचं अवजड यंत्र असतं, तर एनडीआय-१ हे एकच प्रथिन. पण ते प्रोटॉन ढकलत नाही, आणि रोटेनोनने बंद पडत नाही. म्हणजे 'पर्यायी' हा शब्द फक्त ऑक्सिडेजला लागू नाही, एनएडीएचच्या या आडवाटाही पर्यायी मार्गच आहेत. तुमच्या प्रकल्पाच्या शीर्षकात नेमकं कोणतं टोक अपेक्षित आहे ते गाइडना पहिल्याच आठवड्यात विचारा.

शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे: याच्याकडेही कॉम्प्लेक्स १ नाही आणि पर्यायी ऑक्सिडेजही नाही. दुसऱ्या जीवांचं पर्यायी ऑक्सिडेज यात घालून अभ्यास करतात तो याच कारणाने, कारण पाटी कोरी असते.

यारोविया लिपोलिटिका: कॉम्प्लेक्स १ आहे, बाहेरच्या बाजूचं एक पर्यायी एनएडीएच डीहायड्रोजनेज आहे, पर्यायी ऑक्सिडेजही आहे. तेल-तूप, चीज अशा स्निग्ध जागी सापडणारं यीस्ट. नवशिक्यांनी यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. तिन्ही गोष्टी एका जागी पाहायला मिळतात, आणि रोगकारक म्हणून त्याची फारशी धास्ती नाही.

कॅन्डिडा अल्बिकन्स: पर्यायी ऑक्सिडेजची दोन जनुकं आहेत. माणसाच्या पेशीत हे एन्झाइम नसतं, म्हणून औषधाचं लक्ष्य म्हणून याकडे बघतात. विषय आकर्षक आहे, पण हा माणसाला आजारी पाडणारा जीव. दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीची सोय नसेल तर हट्ट धरू नका.

याशिवाय डेबॅरिओमायसिस हान्सेनी, विकरहॅमोमायसिस अनोमॅलस (जुन्या लेखांत हॅन्सेन्युला अनोमॅला) आणि पिकिया पॅस्टोरिस यांच्यातही हे ऑक्सिडेज आहे.

३. नावांचा घोळ

एओएक्स हे अक्षरसमूह शोधयंत्रात टाकलेत तर निम्मे लेख भलतेच निघतील. पिकिया पॅस्टोरिसमध्ये एओएक्स-१ म्हणजे अल्कोहोल ऑक्सिडेज. मिथेनॉल खाताना लागणारं, पेरॉक्सिझोममधलं, वेगळंच एन्झाइम. प्रथिनं बनवायच्या उद्योगात त्याचा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) इतका वापरतात की लेखांचा ढीग आहे. पिकियामधल्या पर्यायी ऑक्सिडेजच्या जनुकाला म्हणून एओडी म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीने सेमिनारमध्ये मिथेनॉलचा आलेख पर्यायी श्वसनाचा म्हणून दाखवला होता. कुणी टोकलं नाही, आणि तो पुढे तिच्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीतही गेला. लेख वाचताना पहिली खूण बघा: मिथेनॉल दिसलं की थांबा.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं आधी, कारण वेळ त्यातच जातो.

- कल्चरसाठी मागणीपत्र. पुण्याच्या एनसीएलमधला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह किंवा तसाच चंडीगढचा एमटीसीसी. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीनिशी. मागणी गेल्यापासून कल्चर हातात पडेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरा.
- जनुकं बदललेला वाण वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी.
- विषारी रसायनांची नोंदवही. अँटिमायसिन, अझाइड, सायनाइड यांतलं काहीही काढलंत की तारीख, वजन, सही.
- प्रत्येक रोधकाचं सुरक्षा-माहितीपत्रक, छापून, बाकाजवळ.

सामान: ऑक्सिजन इलेक्ट्रोड (क्लार्क पद्धतीचा; हा द्रवातला ऑक्सिजन मोजतो, आणि पेशी तो वापरतील तशी आलेखावरची रेषा उतरत जाते), पाण्याचा जॅकेट असलेला चेंबर आणि वॉटर बाथ, चुंबकीय ढवळणी, १० आणि २५ मायक्रोलिटरच्या काचेच्या सिरिंज (प्रत्येक रोधकाला वेगळी, चिठ्ठी लावून), शेकर, सेंट्रिफ्यूज, ओडी (द्रवाचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती ते कळतं) मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर. रसायनं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, ग्लुकोज, ग्लिसरॉल, फॉस्फेट बफर, डीएमएसओ (द्रावक), शॅम म्हणजे सॅलिसिलहायड्रॉक्सॅमिक आम्ल, अँटिमायसिन ए, सोडियम डायथायोनाइट. आणि हो, बेकरीच्या यीस्टचं पाकीट. ते फेकू नका, पुढे लागणार आहे.

५. यीस्ट वाढवताना

मीडियम साधं: १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज. श्वसन भरपूर हवं असेल तर ग्लुकोजच्या जागी ग्लिसरॉल. बेकरीच्या यीस्टला २ टक्के ग्लुकोज दिलंत तर हवा असूनही ते श्वसन आवरतं घेतं आणि अल्कोहोल करत बसतं, याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. यारोवियात तो त्रास नाही.

यारोवियाला साखर, म्हणजे सुक्रोज, देऊ नका. मूळ वाणाकडे इन्व्हर्टेज नसतं, ते उपाशी राहील. हवा मात्र सढळ द्या: २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त मीडियम नको.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांसाठी खास सूचना. यारोवियाला २८ ते ३० अंश मानवतात. ३४ च्या वर बहुतेक वाण वाढत नाहीत. मे महिन्यात इथे बाहेर चाळीशी ओलांडते, आणि ज्या शेकरला थंड करायची सोय नाही तो खोलीपेक्षा खाली जाऊच शकत नाही. डायलवर ३० लिहिलेलं असतं, आत ३८ असतात. फ्लास्कजवळ साधा थर्मामीटर ठेवा आणि त्यालाच माना. जमलं तर मोजमापं उत्तरायण ते होळी या काळात उरका.

एक त्रास आणखी: हे यीस्ट मनात आलं की धाग्यांसारखं वाढतं. तसं झालं की गुठळ्या होतात आणि ओडीच्या आकड्याला अर्थ राहत नाही. रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल-लांबट पेशी हव्यात. धागे दिसायला लागले तर तो फ्लास्क बाजूला ठेवा आणि हिशोब ओडीऐवजी कोरड्या वजनावर करा.

कल्चर कधी काढायचं? पर्यायी ऑक्सिडेजचा जोर वाढीच्या वेगवान टप्प्यात कमी आणि वाढ मंदावताना जास्त दिसतो. एकाच वेळेचा नमुना घेऊन 'आहे' किंवा 'नाही' म्हणू नका. किमान तीन वेळा काढा: वेगात वाढताना, वाढ मंदावताना, आणि पुरती थांबल्यावर.

पेशी दोनदा थंड बफरने धुवा आणि तासभर अन्नाविना हलवत ठेवा. साठवलेलं अन्न थोडं संपतं आणि तुम्ही दिलेल्या अन्नाचा परिणाम स्पष्ट दिसतो.

६. रोधक: कोणता कुठे अडवतो

कोष्टक पाठ करण्यापेक्षा साखळी डोळ्यांसमोर आणा. रोटेनोन कॉम्प्लेक्स १ अडवतं. अँटिमायसिन ए कॉम्प्लेक्स ३. सायनाइड आणि अझाइड कॉम्प्लेक्स ४. शॅम आणि प्रोपिल गॅलेट पर्यायी ऑक्सिडेज. या ऑक्सिडेजमध्ये लोहाचे दोन अणू असतात, पण हीम (ज्याच्या लोहाला सायनाइड चिकटतं तो रेणू) नसतं, म्हणून सायनाइडला तिथे धरायला जागा मिळत नाही.

माझा आग्रह: सायनाइडला हात लावू नका. या विषयाच्या नावातच सायनाइड असल्यामुळे ते वापरलंच पाहिजे असं वाटतं, पण अँटिमायसिनने तोच प्रश्न सुटतो. पर्यायी ऑक्सिडेजची वाट युबिक्विनोनपाशी फुटते, कॉम्प्लेक्स ३ च्या आधी. त्यामुळे ३ अडवलं काय, ४ अडवलं काय, पर्यायी वाट तशीच उघडी राहते. सायनाइडचा दुसरा तोटा रासायनिक आहे. साधारण ७ पीएचला ते जवळजवळ सगळं हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असतं, आणि हा द्रव २६ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या खोलीत ते चेंबरमधून उडून जात असतं. रोधक कमी पडतो आणि तो तुमच्या नाकाशी येतो. गाइडने सांगितलंच तर फ्यूम हूड, सोबत दुसरा माणूस, आणि सायनाइडच्या टाकाऊ द्रावणात आम्ल कधीही नाही.

अझाइडही निरुपद्रवी नाही. ते सिंकमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठतात. अँटिमायसिन उडून जात नाही, पण विष आहे, हातमोजे घालूनच.

आता शॅम. इथे मी पुन्हा तीन आठवडे घालवले. शॅम पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मी ते अल्कोहोलमध्ये विरघळवलं. उपाशी यीस्टवर ते घातलं आणि श्वसन घटण्याऐवजी वाढलं. मी वहीत लिहिलं, 'शॅममुळे श्वसनास चालना', आणि त्याची कारणं शोधत बसले. चालना शॅमची नव्हती. अल्कोहोल हे यीस्टचं आवडतं अन्न आहे. मी रोधकाच्या नावाखाली त्याला जेवण वाढत होते.

म्हणून द्रावण डीएमएसओत करा. शॅमचा रेणूभार १५३ आहे, म्हणजे १५.३ मिलिग्रॅम शॅम १ मिलिलिटर डीएमएसओत घेतलं की १०० मिलिमोलर झालं. २ मिलिलिटरच्या चेंबरमध्ये यातलं २० मायक्रोलिटर घातलं की १ मिलिमोलर. रोज ताजं करा. आणि दर वेळी तेवढाच नुसता डीएमएसओ घालून एक रेषा काढा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

प्रोपिल गॅलेट वापरणार असाल तर बफर अल्कधर्मी नको. तशा बफरमध्ये ते पेशींशिवायसुद्धा ऑक्सिजन खातं.

७. इलेक्ट्रोड लावणं

पडदा बसवताना खाली हवेचा बुडबुडा राहिला तर दिवसभर रेषा थरथरेल. पडदा बसला की उजेडात तिरका धरून बघा. चेंबरचं झाकण लावतानाही तसंच: शेवटचा बुडबुडा सिरिंजच्या छिद्रातून निघाल्याशिवाय आलेख सुरू करू नका, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन हळूहळू द्रवात येत राहतो आणि श्वसन कमी भासतं.

शंभर टक्क्याची खूण हवेने संपृक्त झालेल्या पाण्याने, शून्याची खूण चिमूटभर डायथायोनाइटने. डायथायोनाइट ओलसर हवेत खराब होतं. पावसाळ्यात जुनी बाटली वापरलीत तर शून्य कधी शून्यावर येत नाही. तेव्हा एक सोपी युक्ती: दाट यीस्ट घालून झाकण लावा आणि रेषा पूर्ण आडवी होईपर्यंत थांबा. सगळा ऑक्सिजन तेच संपवतं.

हिशोब. ३० अंशांना हवेने संपृक्त पाण्यात सुमारे २३६ मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो, २५ अंशांना सुमारे २५८. म्हणून वॉटर बाथचं तापमान लिहिल्याशिवाय तुमच्या आकड्याला किंमत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीच्या जवळ आहे, म्हणून हे आकडे इथे चालतात. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे ते पाच-सहा टक्के कमी धरायला हवेत. आता २ मिलिलिटरच्या चेंबरमध्ये २३६ म्हणजे एकूण ४७२ नॅनोमोल. चार मिनिटांत रेषा २० टक्के उतरली, तर ९४.४ नॅनोमोल खर्च झाले, मिनिटाला २३.६. चेंबरमध्ये १ मिलिग्रॅम कोरड्या वजनाच्या पेशी असतील तर दर २३.६ नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम. हा एक हिशोब हाताने करा, मग संगणकाला द्या.

८. प्रत्यक्ष प्रयोग

बफर घाला, तापमान स्थिर होऊ द्या, पेशी घाला, अन्न घाला. दोन-तीन मिनिटं सरळ रेषा मिळू द्या. ती सरळ नसेल तर पुढे जाऊच नका.

मग पहिला क्रम: आधी अँटिमायसिन. बेकरीच्या यीस्टमध्ये रेषा जवळजवळ आडवी पडते. यारोवियात उतार कमी होतो, पण उतरणं चालू राहतं. त्या क्षणी मी पहिल्यांदा खरोखर पाहिलं की कॉम्प्लेक्स ३ बंद असताना पेशी ऑक्सिजन घेतायत. आता शॅम घाला. रेषा आडवी.

दुसरा क्रम: नव्या पेशी, आधी शॅम, मग अँटिमायसिन.

दोन्ही क्रम का, ते एका उदाहरणाने सांगते. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. समजा सुरुवातीचा दर २४. पहिल्या क्रमात अँटिमायसिननंतर १५, शॅमनंतर १. दुसऱ्या क्रमात शॅमनंतर २२, अँटिमायसिननंतर १. दुसराच क्रम केला असता तर तुम्ही म्हणाला असता, शॅमने दोनच घटले, म्हणजे पर्यायी मार्ग नगण्य. पहिलाच केला असता तर म्हणाला असता, निम्म्याहून जास्त श्वसन पर्यायी मार्गाने चालतं. दोन्ही चूक. पहिल्या क्रमातले १४ ही त्या मार्गाची क्षमता आहे, म्हणजे दुसरी वाट बंद झाल्यावर तो जास्तीत जास्त किती पेलतो ते. आणि शॅम एकटं घातलं की इलेक्ट्रॉन मुख्य वाटेकडे वळतात, म्हणून एकूण दर फारसा पडत नाही. रोधक न घालता जगत्या पेशीत कोणती वाट किती वापरात आहे, ते या पद्धतीने कळतच नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाची पद्धत असते, तिला वेगळं यंत्र लागतं. प्रबंधात 'क्षमता' हा शब्द लिहा, 'सहभाग' लिहू नका. माझ्या मते या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

प्रत्येक क्रम तीन वेगळ्या कॉलनींवर, तीन वेगळ्या दिवशी. एकाच फ्लास्कमधून तीनदा काढलेला नमुना म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

९. रेषा फसवते तेव्हा

अँटिमायसिन घालूनही बेकरीचं यीस्ट श्वसन करतंय? अन्न काय दिलं ते बघा. लॅक्टेट असेल तर त्याचे इलेक्ट्रॉन सायटोक्रोम बी-२ हे एन्झाइम थेट सायटोक्रोम सीला देतं, कॉम्प्लेक्स ३ लागतच नाही. ही सुद्धा आडवाटच, पण पर्यायी ऑक्सिडेज नव्हे. शॅमने ती थांबणार नाही, सायनाइड किंवा अझाइडने थांबेल.

रोटेनोनने काहीच झालं नाही? बेकरीच्या यीस्टमध्ये होणारच नव्हतं, अडवायला कॉम्प्लेक्स १ नाही.

बेकरीचं यीस्ट मुळातच मंद श्वसन करतंय? पुन्हा पुन्हा नव्या मीडियममध्ये टाकलेल्या कल्चरमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडलेल्या 'पेटिट' पेशी साठतात. बोरिस एफ्रुसी यांनी १९४९ मध्ये यांचं वर्णन केलं. ग्लिसरॉलच्या प्लेटवर त्या वाढत नाहीत, तीच तपासणी.

दोन्ही रोधकांनंतरही थोडा उतार उरतो? थोडा उरतोच. मायटोकॉन्ड्रियाबाहेरही ऑक्सिजन लागणाऱ्या क्रिया आहेत. तो उरलेला आकडा लपवू नका, वेगळ्या स्तंभात लिहा. उकळून मारलेल्या पेशींवर आणि नुसत्या बफरवर एकेक रेषा काढली की त्यातला किती यंत्राचा आणि किती पेशींचा ते कळतं.

'याचा उपयोग काय' असं घरी कुणी विचारलं तर द्राक्षाचं उदाहरण द्या. नाशिक-सांगलीकडे बागांवर ॲझॉक्सिस्ट्रोबिन फवारतात, ते बुरशीचं कॉम्प्लेक्स ३ अडवतं. प्रयोगशाळेत अशा औषधाची बुरशीवर चाचणी घेताना मीडियममध्ये शॅम मिसळतात, नाहीतर बुरशी आडवाटेने श्वास घेते आणि औषध कुचकामी वाटतं.

१०. चेंबर धुणं

हे शेवटी लिहिलं तरी कमी महत्त्वाचं नाही. अँटिमायसिन चेंबरच्या भिंतीला आणि ढवळणीच्या कांडीला चिकटून राहतं. नुसत्या पाण्याने जात नाही. आधी अल्कोहोलने तीनदा, मग पाण्याने पाच-सहा वेळा, आणि कांडी बाहेर काढून वेगळी. ते अल्कोहोल विषारी कचऱ्याच्या बाटलीत. शक्य असेल तर त्या दिवसाच्या अँटिमायसिनशिवायच्या सगळ्या रेषा आधी काढून घ्या.

चेंबर खरंच साफ झाला का, हे तपासायला ते दांडिया बाजारातलं पाकीट काढा. प्रबंधातल्या तुलनेसाठी त्यातली एक कॉलनी प्लेटवर वेगळी करून ग्लिसरॉलवर वाढवावी लागते, कारण पाकिटात इतर पदार्थही मिसळलेले असतात. पण या तपासणीला पाकिटातले दाणे कोमट पाण्यात भिजवून, एकदा धुऊन चालतात. चेंबरमध्ये घाला, थोडं अल्कोहोल द्या आणि बघा. या यीस्टकडे पर्यायी ऑक्सिडेजची आडवाट नाही, त्यामुळे भिंतीवर अँटिमायसिन उरलं असेल तर ते लगेच गुदमरतं. रेषा नेहमीच्या उताराने खाली गेली तर पुढचा प्रयोग लावा. नाही गेली तर पुन्हा अल्कोहोल, पुन्हा पाणी.